प्रसिद्धी विभागाच्या भालेरावबाई

आमच्या शहापूरच्या मदत समितीत ‘प्रसिद्धी विभाग’ नावाचा एक विभाग होता. त्याला खोली नव्हती, टेबल नव्हतं, शिक्काही नव्हता. विभागात माणूस एकच, भालेरावबाई. समितीच्या पत्रकावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सल्लागार अशी सगळी नावं ओळीनं छापली जायची आणि अगदी तळाला, जागा उरलीच तर, ‘प्रसिद्धी : कु. भालेराव’. बऱ्याचदा जागा उरत नसे. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायच्या, “माझं नाव राहू द्या. पाड्याचं नाव तेवढं बरोबर छापा.”

माझं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान, आणि जोडीला मी ठाण्याच्या एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर. तालुक्यातली सगळी पत्रकं माझ्या काउंटरवर येऊन पडायची. वाढदिवस, सत्कार, उद्घाटनं. ‘यांच्या शुभहस्ते’ वाचून वाचून डोळे शिणायचे. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी बाई पहिल्यांदा दुकानाची पायरी चढून आल्या.

तोवर मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो. सगळा तालुकाच ओळखत होता. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल लावायचे दिवस होते तेव्हापासूनच्या. माझा भाऊ नाशिकला दवाखान्यात होता तेव्हा दुपारभर मी शेजारच्या फोनजवळ बसलो होतो आणि दर थोड्या वेळानं तो आवाज यायचा, “लाइन मिळत नाही, पण मी सोडलेली नाही. तुम्ही फोनजवळच थांबा.” भाऊ बरा होऊन घरी आला. आवाज मात्र माझ्या कानात राहिला. तो आवाज आता उंच, काटक, निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या बाईच्या तोंडून येत होता आणि मी खुळ्यासारखा बघत राहिलो होतो.

“विशेभाऊ ना तुम्ही? हे छापायचंय.”

कागदावर सुवाच्य अक्षरात पहिलीच ओळ होती : ‘भूकंपग्रस्तांसाठी समितीला यापुढे कपडे नकोत.’

त्याचं असं झालं होतं. समितीचे अध्यक्ष बापूशेठ, भाताचे व्यापारी. मनानं मोठा माणूस. त्यांनी गोदाम उघडं करून दिलं आणि गावानं ते कपड्यांनी भरून टाकलं. बाई दोन दिवस तिथं बसून कपडे निवडत होत्या. फाटके बनियन, आखडलेले स्वेटर, एका पायाचा बूट, नवरदेवाचा कोट. “जे आपण स्वतः घालणार नाही ते बाजूला काढा,” असं त्यांनी मदतीला आलेल्या बायकांना सांगितलं, आणि बाजूचाच ढीग मोठा झाला.

मी म्हटलं, “बाई, मदत नको असं कुठं छापतात का?”

“मदत नको कुठं म्हटलंय? कपडे नकोत म्हटलंय. खाली वाचा.”

खाली यादी होती. झाकणासकट पातेली. कंदील. न वापरलेल्या चादरी. दोर. मी बातमी पाठवली, ती छापून आली, आणि गावात काही लोक जाम चिडले. एक गृहस्थ तर आपला कोट परत मागायला गोदामावर आले. बाईंनी तो शोधून, घडी घालून त्यांच्या हातात दिला. वर म्हणाल्या, “बटण तुटलं होतं, लावलंय.” पुढच्या आठवड्यात त्याच गृहस्थांनी सहा नवी पातेली आणून दिली. झाकणासकट.

बाईंची ऐकायची एक तऱ्हा होती. समोरचा बोलायला लागला की मान जराशी डावीकडे कलायची आणि डोळे मिटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना झोप लागली. त्याचं बोलणं संपलं की डोळे न उघडताच म्हणायच्या, “परत सांगते, चुकलं तर तिथंच थांबवा.” आणि सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या. कोणी ‘डोळखांबजवळ’ म्हणालं की लगेच, “डोळखांबजवळ म्हणजे कुठं? तिथं पाडे काय थोडे आहेत?” ‘अंदाजे’ या शब्दाशी तर त्यांचं वैर. एक्सचेंजमध्ये एक आकडा चुकला की फोन भलत्याच घरी वाजायचा, तो धाक त्यांच्या हाडात मुरला होता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्याला आग लागली. कारवीच्या भिंती, गवताची छपरं, वर वारा. घडीभरात सगळं गेलं. निम्मी माणसं वीटभट्टीवर गेलेली होती, ती परत आली तर ओळखायला घरच नाही. आम्ही तिघं, बापूशेठ, बाई आणि मी, जीप करून गेलो. नाचणी जळाल्याचा वास दुरूनच येत होता.

राखेत एक म्हातारी काहीतरी उकरत होती. माझ्या गळ्यात कॅमेरा. ठाण्याच्या संपादकसाहेबांनी बजावून सांगितलं होतं, काळजाला भिडेल असा फोटो पाहिजे. मी म्हटलं, “आजी, इकडं बघा. जरा हात पुढं करा, असा.”

म्हातारीनं बिचारीनं हात पुढं केला. तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी माझा कॅमेरा तळहातानं खाली दाबला. मग म्हातारीशेजारी उकिडव्या बसल्या आणि तिचं नाव विचारलं, गेलेल्या नवऱ्याचं विचारलं, काय शोधतेयस ते विचारलं. विळा शोधत होती. दोघींनी मिळून शोधला. मूठ जळाली होती, पातं शाबूत होतं.

परतताना जीपमध्ये बाईंनी मला सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या वस्तीत पुराचं पाणी शिरलं होतं. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला, घरात चार पुस्तकं होती, तीही भिजली. धान्य वाटायला लोक आले, त्यांच्याबरोबर फोटोवालाही आला. पेपरात फोटो छापून आला. बाईंच्या आईचा, दोन्ही हात पसरलेले. खाली लिहिलं होतं, ‘मदतीची याचना करताना एक पूरग्रस्त महिला’.

“वडिलांनी तो पेपर घरात ठेवू नाय दिला,” बाई म्हणाल्या. “माझ्या आईला नाव होतं, विशेभाऊ. चंद्राबाई. शेतावर मजुरी करून आमाला चौघांना शाळेत घातलं तिनं. जन्मात एकदा हात पुढं केला असेल, तोच छापला.”

एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून घरचं ‘नाय’ आणि ‘आमाला’ निघालं, तेव्हाच मला कळलं की हे त्या सहसा कुणाला सांगत नसाव्यात. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. माणसांना विचारून, उभं राहायला सांगून फोटो काढला. सगळ्यांची नावं लिहून घेतली. फोटो मागच्या पानावर, खाली कोपऱ्यात आला, पण नावांसकट आला.

त्या पाड्याची गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी समितीचा टेम्पो भरून गेला. भांडी, ताडपत्र्या, भाताचं बियाणं. बाईंना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. बापूशेठ परत आले आणि म्हणाले, “झालं बाई, सगळ्यांना पोचलं.” बाईंनी लिहिलं, ‘पाड्यावरील सर्व कुटुंबांना साहित्य पोहोचले.’ मी छापून आणलं.

चार-पाच दिवसांनी दुकानासमोर एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. भालेरावबाईंनी करवंदं घेता घेता विचारलं, “कुठली गो तू?”

तिनं त्याच पाड्याचं नाव सांगितलं. तिचं नाव सोमी. बाई खूश झाल्या. “मग मिळालं ना सगळं? ताडपत्री बांधलीस का?”

“आमाला नाय भेटला काय,” सोमी म्हणाली. “टेंपो वर आला न वरूनच परत गेला. आमची तीन घरा खाली, व्हाळाला. कातकऱ्यांची. आमाला कोन सांगल?”

बाईंचे डोळे मिटले. “परत सांगते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “चुकलं तर थांबव.” आणि सगळं परत म्हटलं. सोमीनं कुठंच थांबवलं नाही.

तिथून बाई थेट बापूशेठच्या पेढीवर गेल्या. मी दुकान तसंच टाकून मागोमाग गेलो. बापूशेठना खरंच वाईट वाटलं. “यादी वरच्या लोकांनीच केली होती हो. माझ्या ध्यानातच नाय आलं. उद्याच्या उद्या पाठवतो.”

“उद्या मी बरोबर जाईन. पण पेपरात दुरुस्ती द्यावी लागेल.”

“पेपरात कशाला? तीन घरं, बाई.”

“सगळ्यांना पोहोचलं असं मी लिहिलंय.”

“लोक म्हणतील समिती खोटं बोलते.”

“बोललीच की. मी बोलले.”

बापूशेठचा आवाज चढला. “पावसाळा तोंडावर आलाय. उद्या परत याच लोकांकडं मदत मागायला जायचंय आपल्याला. प्रसिद्धी म्हणजे संस्थेचं नाव चांगलं ठेवायचं काम ना? का ते जमत नाय तुम्हाला, असं समजू आमी?”

“समजा,” बाई म्हणाल्या. “पण दुरुस्तीचं पत्रक देऊन येते, मग समजा.”

पत्रक माझ्याच हातात पडलं. आणि मी काय केलं, तर खणात टाकलं. बापूशेठ माझे जुने गिऱ्हाईक. शिवाय तीन घरांची दुरुस्ती ठाण्याचे साहेब छापणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, घरांना सामान देऊन परत आल्या. पायांत काटे, साडीला चिखल.

“फॅक्स केलात?”

“केला.”

बाईंनी डोळे मिटले. “परत सांगते. तुम्ही फॅक्स केलात.” आणि थांबल्या. चुकलं असेल तर थांबवायला मला जागा ठेवून थांबल्या. मी खण उघडला, पत्रक काढलं आणि त्यांच्यासमोर फॅक्स केलं. आजवर मला इतक्या मुकाट्यानं कुणी रागावलेलं नाही.

साहेबांनी काही ते छापलं नाही. मग बाईंनी मोठ्या अक्षरात एक कागद लिहिला, मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, आणि आम्ही दोघांनी त्या एसटी स्टँडवर, पंचायतीत, विहाराबाहेर, देवळाबाहेर चिकटवल्या. ‘चुकीची दुरुस्ती. तीन कुटुंबांना साहित्य पोहोचले नव्हते. आता पोहोचले आहे. खात्री न करता लिहिले, ही चूक माझी.’ खाली पूर्ण नाव, सुनंदा केरू भालेराव. मला त्यांचं पूर्ण नाव तेव्हा कळलं.

बापूशेठ सगळा पावसाळा त्यांच्याशी बोलले नाहीत. दिवाळीच्या सुमारास एक दिवस दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “बाईंना सांगा, या म्हणावं. पत्रक लिहायला कोन नाय. काल मी बसलो लिहायला, तर तीन ओळींत चारदा माझंच नाव आलं.”

मी निरोप दिला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी पेढीवर हजर.

दोन हजार पाचच्या जुलैतला पाऊस आमच्याकडं कुणी विसरणार नाही. नदी पुलाला टेकली होती. वीज गेलेली, फोन मुके. सकाळी दहाच्या सुमाराला बाजारात कुणीतरी ओरडलं, “धरण फुटलं!” आमच्या तालुक्यात जिकडं बघाल तिकडं धरण. कुठलं फुटलं, कुणी पाहिलं, विचारायला कुणी थांबलंच नाही. माणसं पळत सुटली. म्हातारी पाठीवर, पोरं काखेत. मीही दुकान उघडं टाकून बायकोचा हात धरून धावलो. पलीकडं टेकाड आहे म्हणून सगळा लोंढा नदीच्या जुन्या पुलाकडं वळला. पुलावरून पाणी चाललं होतं.

बाई तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. त्या पळाल्या नाहीत. त्यांनी आधी माणूस शोधला. आमच्या नदीवरच्या धरणाखालच्या गावाहून वाट काढत आलेला एक टेम्पोवाला स्टँडवर अडकला होता. “तू स्वतःच्या डोळ्यांनी धरण पाहिलंस?” पाहिलं होतं, भिंत जागेवर होती. तेवढ्यावर बाईंचं समाधान झालं नाही. त्याच अंगानं आलेला दूधवाला गाठला, त्यालाही वेगळं उभं करून विचारलं, तोही तेच म्हणाला. मग जाहिरातीची रिक्षा, बॅटरीवरचा कर्णा असलेली, तिच्यात बसल्या आणि पुलाच्या तोंडाशी आल्या.

“मी एक्सचेंजची भालेराव बोलतेय. धरण फुटलेलं नाही. सकाळी तिथून निघालेल्या दोन माणसांना मी विचारलंय. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. कळेल तेव्हा सांगते. पुलावर जाऊ नका. नदीकाठच्या लोकांनी शाळेत यावं. बाकीच्यांनी घरात थांबावं.”

वीस वर्षं ज्या आवाजानं लग्नाच्या, बाळंतपणाच्या, मयताच्या खबरा जोडून दिल्या होत्या, तो आवाज पावसातून आला आणि लोंढा थांबला. आधी म्हातारे थांबले. “एक्सचेंजच्या बाई हायत,” कुणीतरी म्हणालं. पुढचे लोक पुलाच्या कठड्यापासून मागं फिरले. मी फिरलो.

नंतर दुपारपर्यंत ती रिक्षा गावात फिरत राहिली. दर अर्ध्या तासानं आवाज यायचा, “अजून नवीन काही कळलेलं नाही. कळेल तेव्हा सांगते.” काहीच कळलं नाही हे सांगायला सुद्धा कुणीतरी येतंय, याचा केवढा आधार वाटला, ते त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर भिजत बसलेल्यांना विचारा.

दुपारनंतर पाणी उतरायला लागलं. बाई शाळेत आल्या. माझ्या बायकोनं हातात चहा दिला तर कप बशीवर वाजत होता.

“विशेभाऊ,” त्या म्हणाल्या, “दोघंही चुकले असते तर?”

बापूशेठ शेजारी उभे होते. त्यांनी बाईंच्या हातातला कप काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, “बसा बाई आता. तुमी बसा.” आणि स्वतः त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

निवृत्तीनंतर बाई बहिणीकडं मुरबाडला राहायला गेल्या. समितीला तरणीताठी माणसं मिळाली, मोबाइल आले, पत्रकं टाइप होऊन यायला लागली. बाईंच्या छातीचं दुखणं मागाहून कळलं. त्या गेल्या तेव्हा मी बाहेरगावी होतो, शेवटच्या दर्शनालाही पोहोचलो नाही. म्हणून त्यांची म्हणून मला आठवते ती त्याच्या आदल्या हिवाळ्यातली भेट.

त्याआधीच्या पावसाळ्यात मुरबाडकडच्या घाटाखालच्या एका गावात दरड घरावर आली होती. त्यात एका बाईची सतरा वर्षांची लेक गेली. बातमी मीच केली होती. मंत्री आले, गाड्या आल्या, समितीचा टेम्पो आला. मग, नेहमी होतं तसं, सगळे गेले.

जानेवारीत मी त्याच रस्त्यानं मोटरसायकलवरून कुठल्याशा उद्घाटनाला चाललो होतो. त्या घराच्या अंगणात, नव्या पत्र्याच्या सावलीत, दोन बाया समोरासमोर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. एक त्या मुलीची आई. दुसरी भालेरावबाई. बऱ्याच वाळल्या होत्या, पाठ मात्र ताठ. मी गाडी थांबवली. बाईंनी ओळखलं, हात वर केला.

मी कुंपणाजवळ गेलो आणि सवयीनं विचारलं, “काय बाई, इकडं? काही बातमी?”

“नाय हो,” त्या म्हणाल्या. “नुसतीच आलेय.”

मुलीची आई म्हणाली, “दर महिन्याला येतात. मुरबाडच्या पहिल्या एसटीनं येतात न दुपारच्यानं जातात.” मग बाईंकडं वळून, मघाशी तुटलेलं बोलणं जोडत म्हणाली, “तर मग ती शाळेतून आली न मला सांगते, आई, मी नाचात हाय म्हणून...”

बाईंनी मान डावीकडं कलती केली आणि डोळे मिटले. हात शेंगा सोलत राहिले. आई बोलत होती, लेकीच्या नाचाचं, तिच्यासाठी मागून आणलेल्या हिरव्या लुगड्याचं. मी तिथं उभा आहे हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं. गाडी सुरू केली तर आवाज होईल म्हणून मी ती वळणापर्यंत हातानं ढकलत नेली.